नाकापुरती काकी

आमच्या घरमालकिणीला परक्या पोरांच्या शेंबडाची किळस नव्हती. तिला किळस होती ती त्यांच्या आयांची, आणि ती किळस ती तोंडावर बोलून दाखवायची. सगळी आळी तिला समोर काकी म्हणे आणि पाठीमागे नाकवाली. तिच्या घरात तीन पावसाळे राहूनही तिचं खरं नाव मला कळलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, "नाव कशाला पायजे गो तुला? मला नावानं हाक कोन मारतंय?"

त्या वेळी आमचा कुलाबा जिल्हा होता. माझं माहेर महाडचं, वडील तिथल्या कोर्टात कारकून. लग्न होऊन मास्तरांच्या घरात आले, पहिली मुलगी झाली, आणि ती पाळण्यात आहे तोवरच यांची पोलादपूरच्या शाळेत बदली झाली. बाजाराच्या मागच्या आळीत काकीच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या आम्हांला मिळाल्या. मागच्या दोन तिच्या. मध्ये कारवीचा कूड, शेणामातीनं लिंपलेला. तिकडे भांडं पडलं की इकडे मुलगी दचकायची. खोल्या दाखवताना काकीनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग माझ्या खांद्यावर झोपलेल्या लेकीला पाहिलं. "पोर चांगली हाय," म्हणाली. "तुज्यावर गेली नाय." आमचं पहिलं बोलणं ते हे.

काकीचा नवरा मुंबईला गोदीत होता. तिकडे त्याचं दुसरं बिऱ्हाड होतं आणि त्या बिऱ्हाडात मुलं होती. काकीला मूल झालं नाही, एवढ्या एका कारणावर हे सगळं रीतसर झालेलं होतं आणि आळीत कुणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं. काकीनं त्याबद्दल माझ्याजवळ कधी अवाक्षर काढलं नाही. ती उंच होती, हाडापेरानं मोठी होती, आवाज पुरुषी होता, आणि रस्त्यानं चालताना ती मधून चालायची. बाकीच्या बायका कडेनं जायच्या.

ज्यांनी तान्हं मूल सांभाळलेलं नाही त्यांना चोंदलेलं नाक ही किरकोळ गोष्ट वाटते. तान्ह्या मुलाला तोंडानं श्वास घ्यायचं सुचत नाही. नाक चोंदलं की ते अंगावर पिऊ शकत नाही. दोन घोट घेतं, जीव घाबरा होतो, तोंड सोडतं आणि रडतं. रडलं की नाक आणखी भरतं. भूक असते, दूध असतं, आई असते, आणि सगळं असून मूल उपाशी. पोलादपुरात पावसाळ्याचे चार महिने कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, आणि घरटी एकतरी पोर घरघरत असतं. अशा पोराला काकी मांडीवर उभं धरायची, त्याच्या नाकपुडीला तोंड लावायची आणि आत असेल ते ओढून घ्यायची. थुंकायची, चूळ भरायची, दुसरी नाकपुडी. संपलं. पोर मोठ्यांदा श्वास घ्यायचं आणि आईकडे झेप टाकायचं.

यासाठी ती आषाढापासून तयारीत असे. आळीतल्या बायकांची सकाळ मिसरीनं उजाडायची, ही एकटी मीठ आणि कोळशाची पूड घेऊन दात घासत बसायची. कांदा-लसूण बंद. सुकट, सोडे, बोंबील बंद, आणि आमच्याकडे पावसाळ्यात सुकट सोडली तर पुढ्यात नुसता भात राहतो. बायका समजत, चातुर्मास पाळते. हिनं तसं समजू दिलं. मला खरं कारण सांगितलं तेही चिडून. मी सहज म्हटलं, "काकी, तुमचा उपास कडक असतो हो." तर म्हणाली, "उपास कसला? पोराच्या नाकाला तोंड लावायचा म्हंजे तोंड नको पोराच्या लायकीचा?"

पोरांसाठी इतकं करणारी ही बाई आयांशी मात्र फार वाईट वागायची. मूल आणायचं ते मागच्या दारानं. आईनं उंबऱ्याबाहेर, पागोळीखाली उभं राहायचं. दार लागणार, आत डोकवायचं नाही, हाक मारायची नाही. कुणी घाबऱ्या घाबऱ्या काही विचारलं की ही म्हणणार, "किती दिस साठवलंस गो? लोनच्याची बरनी हाय ती?" एका नव्या नवरीनं पावडर लावली होती, तिला म्हणाली, "सोताच्या तोंडाला येवढा वेळ हाय तुला, पोराच्या तोंडाकडं कवा बघनार?" ती बिचारी तिथंच रडायला लागली. काकीनं पोर घेतलं आणि दार लावलं.

मूल परत देताना ती प्रत्येकीला एकच गोष्ट बजावायची. "सोता करायला जाऊ नको हां. ओढ जास्त झाली तर उलटा श्वास येतो. पोराचा जीव तुज्या तोंडात येईल, मंग बस घेऊन." हे ऐकून बायकांच्या अंगावर काटा यायचा. उलटा श्वास म्हणजे काय हे कुणी विचारलं नाही. खरं तर या धमकीची फारशी गरजही नव्हती. पोटच्या पोराचा असला तरी शेंबूड तो शेंबूड, आणि निम्म्या जणींना किळसच पुरेशी होती. धमकीमुळे त्यांना चांगली सबब मिळाली एवढंच.

आणि या बायका घरी जाऊन काय करायच्या? मुलाची दृष्ट काढायच्या. कुणाची लागलेली? काकीची. मूल नसलेल्या बाईनं इतका वेळ मांडीवर घेतलं, तिची नजर लागणारच. मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या पोरावरून ओवाळून चुलीत टाकायच्या. मिरच्यांचा धूर आळीभर व्हायचा. काकी मागच्या पायरीवर वाल सोलत बसलेली असायची. वर तोंड करून हुंगायची आणि मला सांगायची, "ही कोपऱ्यावरची." थोड्या वेळानं, "ही वरच्या आळीची. मिरच्या लय टाकल्यान." त्या धुरानं पोराला ठसका लागायचा, पुन्हा शिंका, पुन्हा नाक भरलेलं, आणि दुसऱ्या दिवशी तीच बाई तेच पोर घेऊन पागोळीखाली हजर. मला हसूही यायचं आणि तळपायाची आग मस्तकाला जायची. मी एकदा म्हटलं, "काकी, तुम्हांला राग कसा येत नाही?" ती वाल सोलत राहिली. "येऊ दे की पोर परत," म्हणाली. "माजा काय जातंय?"

बारशाला तिला बोलावणं नसायचं. शेजारच्या घरात पाळणा सजायचा, घुगऱ्या वाटल्या जायच्या, आम्ही भाडेकरू असून आम्हांला आमंत्रण, आणि ज्या बाईनं त्याच घरातल्या थोरल्या पोराचं नाक सात वेळा मोकळं केलेलं ती आपल्या मागच्या पडवीत. घुगऱ्यांची वाटीसुद्धा कुणी पाठवायचं नाही. मी नेऊन दिली तर तिनं घेतली नाही. "मी नाकापुरती गो," म्हणाली. "नाकाच्या वर डोळं असतात, त्ये त्यांना नको."

आमच्या लेकीचं नाक पहिल्यांदा चोंदलं ते श्रावणात. सासूबाईंनी लसूण घालून तेल कोमट केलं आणि तिच्या नाकात सोडलं. ती अशी ठसकली की ओठ निळे पडले. मग वेखंड उगाळून कपाळाला, ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून छातीला. दुपार झाली. ती दूध ओढायला जायची आणि तोंड सोडून किंचाळायची. माझी छाती दुधानं दगडासारखी झालेली. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "ने बाई त्या नाकवालीकडे. पण आल्यावर मीठ-मिरच्या तयार ठेवते." मी आमच्याच घराला वळसा घालून आमच्याच घरमालकिणीच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. काकीनं पोर घेतलं, दार लावलं. मी पावसात. आत रडणं एकदम थांबलं. मला वाटलं, आता दार उघडेल. उघडलं नाही. माझी चोळी दुधानं भिजली, पदर पावसानं भिजला, आणि मी त्या दाराकडे बघत उभी. कितीतरी वेळानं तिनं मुलगी माझ्या हातात दिली. नाक मोकळं, डोळे टक्क उघडे. घरी येऊन ती जी प्यायला लागली ती थांबेचना. मला त्या क्षणी काकीच्या पाया पडावंसं वाटलं होतं, हे मी नाकारत नाही.

पण पुढच्या वेळी मी पागोळीखाली उभी राहिले नाही. पोर आत दिलं आणि घरात येऊन कुडाला डोळा लावला. एका जागी उंदरांनी कूड पोखरला होता. नाक ओढायचं काम मला लुगड्याची निरी नीट करायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात झालं. चूळ भरून काकीनं तोंड पुसलं. मग तिनं माझ्या लेकीला खांद्यावर घेतलं आणि खोलीत येरझाऱ्या घालायला लागली. तिच्याशी बोलत होती. आळीतल्या सगळ्या बायकांच्या चहाड्या तिला सांगत होती. कोण कुणाशी भांडली, कुणाची भाकर करपली, मास्तरणीला डाळ कशी शिजवता येत नाही. तो पुरुषी आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. मुलगी भुकेली होती. ती तिच्या चोळीशी तोंड घासायला लागली. काकी थांबली. "हितं काय नाय गो बाय," म्हणाली. "ह्या दुकानात मालच भरला नाय कुनी." आणि पुन्हा चालायला लागली.

मला कळवळा यायला हवा होता. नंतर आला. त्या वेळी आला तो संताप. माझं मूल भुकेनं चोळी हुंगतंय, मी दूध घेऊन पलीकडे उभी आहे, आणि ही बाई त्याला खेळवते आहे. मी वळसा घालून गेले आणि दार वाजवलं. तिनं उघडलं तेव्हा मी म्हटलं, "नाक तर कधीच झालंय, काकी. मुलगी भुकेली आहे."

तिला समजलं, मी पाहिलंय ते. तिनं मुलगी दिली. "मंग नको आनू माझ्याकडं," म्हणाली.

"नाही आणणार."

नाही आणली. पुढच्या सर्दीला मी स्वतः तोंड लावलं. खारट लागलं, अंगणात जाऊन थुंकले, आणि झालं. त्यात काही विद्या नव्हती. नाक ओढायला मुलाची गरज आणि आईची हिंमत लागते, दुसरं काही लागत नाही. सासूबाई मात्र घरात आल्या, मी काय करते ते पाहिलं आणि माझ्या हातातून मूल हिसकावून घेतलं. "उलटा श्वास आला म्हणजे? कोर्टातल्या कारकुनाची मुलगी, तुला काय कळतंय?" मी विहिरीवरही बायकांना सांगितलं, उलटा श्वास वगैरे काही नसतं, तुमचं तुम्हीच करा. त्या एकमेकींकडे बघून हसल्या. एक म्हणाली, "तुमी शिकलेल्या हाव मास्तरीनबाय. आमाला पोर जड झालेला नाय."

त्यानंतर आमचं आणि काकीचं बोलणं कमी झालं. पण कूड तोच होता. पोर आत गेलं की ते खालच्या आवाजातलं बोलणं मला ऐकू यायचं, आणि मला हेही दिसायचं की बाहेर कुणी ना कुणी भिजत उभी आहे.

त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. महाबळेश्वरच्या रस्त्यावरच्या कापडे गावची एक पोरसवदा बाई बाजाराच्या दिवशी आपलं दीड-दोन महिन्यांचं मूल घेऊन काकीकडे आली होती. तिचा नवरा मुंबईला, घरात ती आणि सासू. मूल काकीनं मोकळं करून दिलं आणि नेहमीप्रमाणे बजावलं. ती बाई इतकी भाबडी की उलट्या श्वासाचं ऐकून तिनं कानाला हात लावले. मी पुढच्या दारातून पाहत होते. तिला हाक मारून सांगितलं, "अगं, ते खरं नाही. एवढ्या लांबून येऊ नको, तूच तोंड लावत जा." तिनं माझ्याकडे बघितलं, काकीकडे बघितलं आणि मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवायला तिला काही कारण नव्हतं. नाकवाली काकी होती, मी नव्हते.

मग ती झड लागली. घाटात दरड आली, महाबळेश्वरकडची एस.टी. बंद झाली, वहाळ भरून वाहायला लागले. अशात दुपारच्या सुमाराला आमच्या दारावरून दोन इरली गेली. कापड्याची ती बाई आणि तिची सासू. चालत आलेल्या. वाटेत वहाळाचं पाणी उतरेपर्यंत एका झाडाखाली बसून राहिलेल्या. मूल छातीशी धरून इरल्याखाली होतं, पण त्या पावसाला इरलं काय करणार? मूल ओलंचिंब होतं आणि रडत नव्हतं. मी त्यांच्यामागोमाग मागच्या दाराशी गेले.

त्या दिवशी काकीनं दार लावलं नाही. तिनं उंबऱ्यातच मूल घेतलं, फडक्यानं पुसलं, नाक ओढलं, दोन्ही बाजू मोकळ्या केल्या. "घे, पाज." आईनं छातीला लावलं. मुलानं तोंड उघडलं नाही. त्याच्या बरगड्या आत-बाहेर होत होत्या. मी माझं लुगडं फाडून मुलाला गुंडाळत होते, तेव्हा काकीनं विचारलं, "कवापास्नं पीत नाय?"

"काल सकाळपास्नं."

"काल सकाळपास्नं? आनि तू नुसती बघत बसलीस? तोंड नव्हता तुला? तुज्याच्यानं नाय ओढवला?"

ती पोर अगदी सरळपणे म्हणाली, "तुमीच बोललाव ना काकी, उलटा श्वास येतो म्हनून."

मी काकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

आमचे हे शाळेतून धावत आले, हमरस्त्यावर जाऊन त्यांनी एक ट्रक थांबवला आणि त्यांना महाडच्या दवाखान्यात घेऊन गेले. मूल महाडला पोहोचलं, पण दवाखान्याच्या पायऱ्या चढायच्या आत गेलं. डॉक्टर यांना एवढंच म्हणाले, दीड दिवस उपाशी आणि त्यात एवढं भिजलेलं, कसं टिकणार?

आळीनं मात्र निराळा निकाल दिला. नाकवालीनं ओढता ओढता पोराचा जीव ओढला. उलटा श्वास आला. काकीनं इतकी वर्षं पेरलेली गोष्ट अशी तिच्याच दारात उगवली. विहिरीवर तीच चर्चा. मी म्हणाले, "मी तिथं होते. मूल येतानाच अर्धं गेलेलं होतं." कुणी ऐकून घेतलं नाही. ज्या बायका आपल्या पोराचा शेंबूड हातानं पुसायला कंटाळायच्या, त्या आता एकमेकींना सांगत होत्या, बरं झालं बाई आपण वाचलो. मला त्या बायकांचा आजही राग आहे. आणि काकीचाही आहे. ती पोरगी पावसातून चालत आली ती काकीच्या खोटेपणापायी. घटकाभर पोर मांडीवर मिळावं म्हणून काकीनं साऱ्या आयांना भिववून ठेवलं होतं, आणि तिला पोर मिळायला दुसरा कुठलाही रस्ता याच आयांनी ठेवला नव्हता. हे दोन्ही मला एकाच वेळी दिसतं, आणि त्यानं माझा राग कमी होत नाही.

बरेच दिवस काकीचं मागचं दार बंद होतं. आळीतली पोरं घरघरत होती आणि कुणीच काही करत नव्हतं. काकीकडे न्यायची भीती, स्वतः करायची त्याहून भीती. एक दिवस सकाळी काकी पुढच्या दारानं आमच्याकडे आली. आम्ही राहायला आल्यापासून पहिल्यांदाच. सासूबाई लगबगीनं मुलीला उचलायला गेल्या. काकीनं तिकडे लक्ष दिलं नाही.

"मास्तरनी, तुला करता येतंय ना?"

"येतं."

"मंग चल. मी सांगून कोन आयकनार नाय."

ती मला विहिरीवर घेऊन गेली. माझ्या कडेवर मुलगी, तिचं नाक वाहत होतंच. काकीनं सगळ्या बायकांसमोर उभं राहून सांगितलं, "उलटा श्वास नसतो. मी खोटा बोलत हुते. कुनाचा पोर मरत नाय. ही करते बघा." एक पुटपुटली, "आता अंगाशी आला म्हनून बोलते." मी दगडावर बसले, मुलीला मांडीवर उभं धरलं, आणि करून दाखवलं. मुलगी किंचाळली, मी थुंकले, चूळ भरली, आणि ती माझ्या पदराशी झोंबायला लागली. काकी बाजूला उभी राहून सांगत होती. तोंडात आधी पानी घेऊन खळखळून टाका. हळू ओढा, धसमुसळेपना नको. पोर आडवा नको, उभा धरा. मिसरीचा तोंड नको. एवढंच. तिची सगळी विद्या एवढ्यात संपली. संपताना ती माझ्याकडे बघत नव्हती, मुलीकडे बघत होती.

बायका शिकल्या. नाक मुरडत, शिव्या देत, पण शिकल्या. आणि श्रेय कुणाला मिळालं, तर मला. मास्तरीणबाईंनी दाखवलं. मी सांगायचे, "काकीनं शिकवलं," तर म्हणायच्या, "तो तुमचा मोठेपना." काकीच्या दाराशी पुन्हा कुणी आलं नाही. त्या भाद्रपदात तिच्याकडून सुकट भाजल्याचा वास आला. मी चुलीपुढे बसून तो वास घेतला आणि मला रडू कोसळलं. सासूबाईंना वाटलं, धूर गेला डोळ्यांत.

कापड्याची ती बाई नंतर मला एकदाच बाजारात दिसली. तिनं मला ओळखलं नाही, किंवा ओळखून टाळलं. मीही पुढे गेले नाही. तिला काय सांगणार होते?

पुढच्या पावसाळ्यात मला मुलगा झालेला होता आणि यांच्या बदलीचा हुकूम आला होता. सामान बांधत होते, त्यात मुलाचं नाक चोंदलं. मला आता ते पाणी पिण्याइतकं सोपं होतं. तरी मी त्याला उचललं, वळसा घातला आणि मागच्या दाराशी गेले. काकी पायरीवर बसली होती. वर्षभरात ती खूप वाळली होती, तो रस्त्याच्या मधून चालणारा रुबाब गेला होता.

"काकी, ह्याचं नाक चोंदलंय."

"मंग ओढ की. तुला येतं."

"तुम्ही ओढा. आम्ही परवा चाललो. मला घाई नाही, तुम्ही कितीही वेळ ठेवा."

तिनं मुलाकडे पाहिलं. तो घरघर करत तिच्याकडे टकाटका बघत होता. तिनं हात लुगड्याला पुसले, पुढे केले, त्याच्या पावलापर्यंत आणले, आणि मागे घेतले.

"नको गो," म्हणाली. "लय मुश्किलीनं सवय सुटत आलीय. परत नको लावूस."

ती उठून आत गेली आणि तिनं दाराला कडी लावली. मुलगा रडायला लागला. मग तिच्याच पायरीवर बसून मी त्याला उभं धरलं, तोंड लावलं, एक बाजू मोकळी केली, थुंकले, दुसरी केली. त्यानं मोठा श्वास घेतला आणि गप्प झाला. दाराच्या आत अगदी जवळ पावलं वाजली.

"झाला का मोकळा?" आतून विचारलं.

"झाला."

"मंग पाज त्याला. कुनाची वाट बघतीस?"